ह्यांचा भुंगा

माझ्या कामाच्या टेबलाखाली पत्र्याचे तीन डबे आहेत. एकावर ‘चालू’ लिहिलंय, एकावर ‘गेलेले’ आणि तिसऱ्यावर ‘बघू’. कुणाचा रिमोट, कुणाचा ट्रिमर, अडॅप्टर, खेळण्यातली मोटार, जे काही माझ्याकडे येतं ते आधी उघडायचं आणि दुरुस्त नाही झालं तर आतला माल ह्या तीन डब्यांत वाटायचा. ‘चालू’ म्हणजे कामाचा. ‘गेलेले’ म्हणजे भंगारवाल्याचा. त्यात टाकताना सेल आठवणीने काढायचे, नाहीतर ते पाझरतात आणि अख्खा डबा नासवतात. आणि ‘बघू’ म्हणजे ज्याला गेलेलं म्हणायला मन होत नाही ते. खरं सांगते, ‘बघू’मधून आजवर काहीही बाहेर आलेलं नाही. मराठी माणूस ‘बघू’ म्हणाला की काय समजायचं, हे का तुम्हाला सांगायला हवं?

वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान हिंदी मुलखातल्या आमच्या ह्या गावात, बाड्यामागच्या, म्हणजे मोठ्या चौकामागच्या गल्लीत होतं. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची आणि सोल्डरिंगच्या धुराने डोळे चोळत घरी यायची. आई म्हणायची, ह्या पोरीला कोण करून घेणार. करून घेतलं बुवा कुणीतरी. वडील गेल्यावर दुकान गेलं, पण त्यांचं टेबल मी उचलून इंदरगंजच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत आणून ठेवलं. तेव्हापासून गल्लीतली बिघडलेली वस्तू आधी माझ्याकडे येते आणि मग कचऱ्यात जाते. ‘टाकून द्या, नवीन घ्या’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. अरे, एक बटण गेलं म्हणून अख्खा रिमोट टाकता? उद्या सासूचा दात पडला तर तिलाही टाकाल!

पण आता मीही हात टेकले आहेत. पूर्वी वस्तूला स्क्रू असायचे, म्हणजे उघडायची सोय असायची. आता सगळं डिंकाने चिकटवलेलं. उघडायला गेलं की फुटतं, आणि आत बघावं तर रांगोळीच्या ठिपक्याएवढा एक काळा तुकडा, त्यावर ना नाव ना नंबर. लोकांना वाटतं मी जग वाचवतेय. कसलं जग वाचतंय! मी दिवसभर खपून जेवढं वाचवते, तेवढं आमच्या एका गल्लीतून घंटागाडीत सकाळच्या चहाच्या आत पडतं.

एवढ्या सगळ्यात एकच वस्तू अशी होती, जी मला वाचवायचीच होती. ह्यांचा भुंगा.

हे म्हणजे माझे यजमान. कलेक्टर कचेरीत कारकून होते, पण लष्कर म्हणतात त्या आमच्या भागातल्या मराठी घरांत त्यांची ओळख वेगळी. लग्न कुणाचंही असो, मंगलाष्टकं म्हणायला ह्यांना बोलावणं यायचं. माईक द्यायला लागले की हे हाताने बाजूला करायचे. असा खर्जातला, भरलेला आवाज की मांडवाबाहेरचा घोडा कान टवकारायचा. आणि दर लग्नाला एक मंगलाष्टक स्वतः रचलेलं, त्याच घराचं, त्याच मुलीचं, शेवटच्या ओळीत नवरीचं नाव गुंफलेलं. कागदावर एक अक्षर लिहायचे नाहीत. सगळं डोक्यात.

आणि गालात चोवीस तास तंबाखू. मी ओरडून ओरडून थकले. शेवटी घशात गाठ आली आणि दिल्लीला नेऊन स्वरयंत्रच काढावं लागलं. आता श्वास गळ्याच्या पुढच्या भोकातून चालतो, त्यावर हे पातळ रुमाल बांधतात. आवाज नाही. ओठ हलतात, जीभ हलते, पण बाहेर काही येत नाही. तंबाखूवरून मी अजूनही चिडते, आणि चिडून काय उपयोग हेही मला कळतं.

मग तिथल्याच एका डॉक्टरीणबाईंनी ते यंत्र दिलं. मुठीत मावेल एवढी नळी, टोकाला चकती. ती हनुवटीखाली दाबून बटण दाबलं की ती थरथरते, ती थरथर तोंडात जाते आणि ओठ-जीभ तिचे शब्द करतात. आवाज माणसाचा नाही, भुंग्याचा. पण शब्द कळतात. पहिल्या दिवशी हे आरशासमोर बसून बराच वेळ घूं घूं करत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “चहा कर.” मी पदर तोंडात कोंबून रडले आणि चहा केला. तेव्हापासून त्याचं नाव भुंगा.

त्या भुंग्यावर आमचं घर बरीच वर्षं बोललं. भाजीवाल्याशी भांडण भुंग्यावर, मुलीला दटावणं भुंग्यावर. आमची एकुलती एक मुलगी, जन्म इथला, ‘फळा’ला ‘फल’ म्हणणारी आणि वाक्याची सुरुवात मराठीत करून शेवट हिंदीत नेणारी. हे भुंग्यावरून तिला ‘ळ’ म्हणायला लावायचे. “बाबा, तुम्हारा ही ळ किसको समझ में आता है,” ती म्हणायची आणि हे आणखी जोरात ‘ळ’ म्हणायचे. एक मात्र झालं. मंगलाष्टकांची बोलावणी बंद झाली. कोण बोलावणार? लग्नाला गेलो की हे शेवटच्या रांगेत बसायचे आणि अक्षता टाकून जेवायला उठायचे.

मग मुलीचं लग्न ठरलं. मुलगा मुरैन्याकडचा, घर हिंदी बोलणारं, माणसं चांगली. त्यांनी सांगितलं, संध्याकाळी वरमाला आणि डीजे आमच्या पद्धतीने, पण सकाळचा मुहूर्त, अंतरपाट, अक्षता तुमच्या पद्धतीने होऊ द्या. मुलगी म्हणाली, “मंगलाष्टक बाबाच म्हणतील. बाबा नहीं तो कोई नहीं.” ह्यांनी भुंगा हनुवटीखाली लावला आणि म्हणाले, “एकच म्हणेन. माझं.” त्या दिवसापासून हे गच्चीवर फेऱ्या मारत ओळी जुळवायला लागले. इतक्या वर्षांनी चेहऱ्यावर ते जुनं तेज आलं होतं.

आणि भुंगा बंद पडला.

नेमका तेव्हा, मेला! आधी चार्ज टिकेना, मग बटण अडकायला लागलं, मग एके सकाळी चकती थरथरायचीच थांबली. दिल्लीच्या दुकानात फोन केला तर म्हणे हे मॉडेल आता येत नाही, नवीन घ्या. घेतलं. ऑपरेशननंतर किरणांनी शेकून ह्यांचा गळा आतून दगडासारखा घट्ट झालेला. नव्याची थरथर त्यातून पार जाईना. तोंडातून नुसती मुंगी कुजबुजल्यासारखी हवा. ते परत पाठवलं. हे गच्चीवर जायचे बंद झाले आणि टीव्हीपुढे बसून राहिले. मी ठरवलं, लग्नाच्या मुहूर्ताला हा भुंगा वाजलाच पाहिजे. बाकी माझं काही मागणं नव्हतं.

उघडल्यावर कळलं की सेल, बटण आणि आतली कॉइल, तिन्ही गेलेत. बटण सोपं होतं, कंप्युटरच्या जुन्या माउसमधलं टिकटिकतं बटण बरोब्बर बसलं. सेल मात्र नेमक्या मापाचे हवे होते, दाढीच्या जुन्या यंत्रात असतात तसले. माझ्या ‘चालू’च्या डब्यात नव्हते. त्याच आठवड्यात फूलबागेत ई-कचरा गोळा करायचं शिबिर लागलं होतं. हिरवे टी-शर्ट घातलेली मुलंमुली, मोठ्ठा फलक, पृथ्वी वाचवा. मी माझे गेलेले चार्जर घेऊन गेले, आणि बघते तर पिंपात सगळ्यात वर तेच दाढीचं यंत्र! पिंपाशी उभ्या मुलीला म्हटलं, बाळा, एवढं एक मला दे.

“आंटी, जो डिपॉज़िट हो गया वो वापस नहीं निकलता. ये सब रीसायकल में जाएगा.”

“अगं, मी पण तेच करतेय! माझ्या नवऱ्याचा आवाज बंद पडलाय.”

“आंटी, प्लीज़, रूल है.”

ते पिंप कुठे जाणार हे मला माहीत आहे. तारा जाळून तांबं काढणार, उरलेलं नाल्याकाठी ओतणार. इतक्यात कुणी पाहुणे आले आणि सगळी मंडळी फलकाखाली फोटोला उभी राहिली. मी पिंपात हात घातला, यंत्र पिशवीत टाकलं आणि वर भाजीची जुडी ठेवून चालती झाले. हसू नका, आयुष्यातली माझी ही एकमेव चोरी.

राहिली कॉइल. ती हातानेच गुंडाळायची होती. अडॅप्टरची तार उकलून बघितली, जाड निघाली. स्टॅबिलायझरच्या रिलेतली काढली, ती केसासारखी, हात लावला की तुटायची. शेवटी वडिलांच्या वेळचा एक रेडिओ, जो मी कधीच मोडणार नाही असं म्हणायची, तो मोडला. त्याच्या ट्रान्सफॉर्मरची तार बरोबर बसली. वेटोळी घालताना मान आखडली, डोळ्यांना पाणी लागलं, तीनदा सगळं उकलून पुन्हा केलं. हे शेजारी बसून भिंग धरायचे. बोलता येत नव्हतं म्हणून चुकलं की माझ्या कोपराला चिमटा काढायचे.

आणि भुंगा वाजला! जरा जाडा, पण पूर्वीपेक्षा दणकट. ह्यांनी तो लावला आणि पहिला शब्द काय बोलावा? “खाली.” मला कळेना. मग बोट जमिनीकडे करून म्हणाले, “सूर. खाली घे.” आत एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की थरथर मंद होते, सूर उतरतो. मी फिरवत गेले, हे म्हणत गेले, “अजून खाली.” एका जागी थांबवलं. तो सूर ह्यांच्या जुन्या आवाजाच्या अगदी जवळ आला होता, खर्जातला. मग त्यांनी मला समोर बसवलं आणि मुलगी बाजारात गेलीय हे बघून पूर्ण मंगलाष्टक म्हणून दाखवलं. चार ओळी. त्यात मुलीने लहानपणी माझ्या टेबलावरचा बारका बल्ब गिळायला घेतला होता तेही होतं, आणि शेवटी तिचं नाव, हलकेच ठेवलेलं. “तिला सांगू नको,” म्हणाले. “तिथेच ऐकू दे.”

लग्नाची सकाळ उजाडली. मॅरेज गार्डनमध्ये स्टेज उंच, पण हे वर चढणार नव्हते. गळ्याचं भोक उघडं, वरून अक्षतांचा मारा, एखादा दाणा आत गेला तर काय घ्या! म्हणून स्टेजच्या खाली, एका बाजूला, खास ह्यांच्यासाठी दुसरा माईक उभा केला. मी स्वतः तपासला. भुंगा रात्रभर चार्ज केलेला. मी ह्यांच्या कोपराला चिमटा काढला आणि मागे गेले.

मागे गेले, कारण आमच्यात मुलीची आई मंगलाष्टकं बघत नाही. ती तेवढा वेळ तुळशीला पाणी घालते. गार्डनवाल्याने तंबूमागे कुंडी आणून ठेवली होती. मी कलश घेऊन उभी, आणि समोर तर नुसती कनात, त्यापलीकडचं काही दिसत नव्हतं. कान कर्ण्याकडे. गुरुजींची झाली, मामांची झाली. आणि मग कर्ण्यातून तो आला. घूंऽऽ. ह्यांचा आवाज! पहिली ओळ स्वच्छ. मी पाणी घालत होते आणि ओठांनी त्यांच्याबरोबर म्हणत होते. दुसरी ओळ सुरू झाली, बल्बचा ब आला, आणि कर्णा बंद.

गेली, कॉइल गेली. सोल्डरच्या एका टाक्याला माझा हात हलला होता, मला माहीत होतं, पुन्हा करायला हवा होता. वाज रे, म्हटलं, बाबा, वाज. पण कर्ण्यातून आले ते गुरुजी. घाईघाईने दोन ओळी म्हणून “सावधान” म्हणाले, आणि ताशा, सनई, बँड सगळं एकदम कडाडलं. अंतरपाट पडला होता. मी कलश तिथेच टाकला आणि साडी सावरत धावले.

हे खाली माईकसमोर तसेच उभे होते. भुंगा हनुवटीखाली दाबलेला, ओठ हलत होते. डोळे मिटलेले. डोक्यात भुंग्याची घूं आणि बाहेर बँडचा दणका, कर्णा बंद आहे हे त्यांना काय कळणार! ते चौथ्या ओळीवर होते, ओठांवर मुलीचं नाव होतं. वर मुलगी हार घालत होती, तिने ह्यांच्याकडे बघितलं आणि तिला वाटलं बाबांचं कधीच संपलंय, म्हणून ती हसली. मी जाऊन भुंग्याला बोट लावलं. तो थरथरत होता. माझ्या बोटाला झिणझिण्या आल्या. कॉइल शाबूत होती, सेल शाबूत होते, सगळं चालू होतं.

काय झालं ते मग कळलं. साउंडवाल्याला हेडफोनमध्ये घूं ऐकू आलं. अर्थिंग सुटलं की अँप्लिफायरमध्ये अगदी तशीच घूं येते, त्याच सुरात. आम्ही खाली खाली करत भुंग्याला नेमकं त्याच सुरावर आणून ठेवलं होतं. त्याच्या टेबलाला लागून पहिल्या खुर्चीवर माझ्या जाऊबाई बसल्या होत्या, साताऱ्याहून आलेल्या, हिंदी टीव्हीपुरती. त्याने त्यांना ओरडून विचारलं, “आंटी, दो नंबर माइक खाली है क्या?” त्याला म्हणायचं होतं, रिकामा आहे का. जाऊबाईंनी उत्साहाने स्टेजच्या पायथ्याशी हात केला. “हो हो, खाली है, खाली!” त्याने बटण ओढून बंद केलं. गुरुजींना वाटलं यंत्र दगा देऊन गेलं, मुहूर्त टळायला नको.

त्या पोराला मी काय बोलू? वडिलांच्या दुकानात मी पहिला धडा हाच शिकले होते, घूं आली की आधी ती लाइन बंद कर. मी असते तर मीही तेच केलं असतं. आणि जाऊबाई तर दिवसभर सगळ्यांना सांगत होत्या की साउंडवाल्याला त्यांनी कशी मदत केली. मी त्यांना काही सांगितलं नाही. एरवी मी सोडणारी नाही, पण त्या दिवशी सोडलं.

पाठवणीआधी मुलगी ह्यांच्या गळ्यात पडली. तोवर तिला कुणीतरी सांगितलं होतं. “बाबा, पूरा नहीं सुना मी. आता म्हणा ना, मैं रिकॉर्ड करती हूँ.” तिने फोन पुढे धरला. ह्यांनी मान हलवली. अंतरपाट पडल्यावर कसलं मंगलाष्टक! मी म्हटलं, मला पाठ आहे, मी सांगू का तिला? हे माझ्याकडे असे बघायला लागले की मी तिचा पदर सारखा करायला वळले. ती गेली. भुंगा ह्यांच्या कोटाच्या खिशात होता.

त्यानंतर हे बोललेच नाहीत. मला वाटलं, थकले असतील. मग वाटलं, रागावलेत, उतरेल राग. मुलीचा फोन येतो. “आई, बाबा ठीक हैं ना? दे ना त्यांना.” मी फोन ह्यांच्या कानाला लावते. हे ऐकतात, आणि फोनच्या काचेवर नखाने टकटक करतात, तेवढंच. “बाबा, ळ म्हणा ना,” ती म्हणते. ती हल्ली ‘फळ’ नीट म्हणते, हे मुद्दाम सांगायला हवं.

परवा भंगारवाला आला म्हणून मी ‘गेलेले’चा डबा ओढला. त्यात सगळ्यात वर भुंगा होता. एवढ्या संसारात ह्यांनी माझ्या डब्यांना कधी हात लावला नव्हता, पण बघून बघून पद्धत त्यांना पाठ होती. सेल काढलेले होते, शेजारी कागदात गुंडाळून ठेवलेले, पाझरू नयेत म्हणून. चुकून टाकलेला नव्हता तो. तिन्ही डबे बघून, विचार करून, त्यांनी हाच निवडला होता.

मी भंगारवाल्याला हात हलवत परत पाठवलं. टेबलापाशी बसले, सेल परत घातले आणि बटण दाबलं. भुंगा लगेच वाजला, त्याच सुरात. आतल्या खोलीत खाट करकरली, आणि माझी मेलीची आशा बघा, मी भुंगा पदराने पुसून हातात तयार धरला. हे दारापर्यंत आले. माझ्याकडे बघितलं, भुंग्याकडे बघितलं, आणि आतून दार लावून घेतलं.